छाती कुणी दाबायची?

हृदयविकारावर काम करणाऱ्या संस्थेत हसण्यासारखं काय घडणार, असं लोकांना वाटतं. लग्नाच्या पंगतीत कुणी विचारलं, "ताई, तुम्ही काय करता?" आणि मी सांगितलं, की समोरच्याचा हात जिलबीवरून मागे येतो. मग उरलेलं जेवण तो माझी नजर चुकवून जेवतो! त्याला काय ठाऊक, आमच्याकडे पेशंट कमी आणि किस्सेच जास्त साठलेत. जुन्या फायली निदान रद्दीत तरी जातात. किस्से कुठे टाकणार? म्हणून चहाला चार माणसं बसली की मी सुरू होते.

आधी ऑफिसचंच सांगते. वडगाव मावळात, एका फरसाणच्या दुकानाच्या बरोब्बर डोक्यावर आमची एक खोली आहे. खाली सकाळपासून कढई तापलेली, आणि वर आम्ही 'तळलेलं टाळा' असा तक्ता लावून बसलेलो! सल्ला घ्यायला आलेला माणूस जाताना पाव किलो शेव बांधून घेतो, हे आम्हाला खिडकीतून दिसतं. त्यात जिना इतका उभा, की वर येणारा दारातच धापा टाकतो. लगेच ब्लडप्रेशर मोजलं तर आमचंच वाढेल! म्हणून आधी बसवायचं, पाणी द्यायचं, आणि मग मोजायचं.

आमच्या व्हॅनचा ड्रायव्हर विलास. त्याचं मत वेगळं. "ताई, जो जिना चढून आला तो पास! मशीन कशाला पायजे?"

* * *

संस्था काढली ती डॉक्टर मॅडमनी. त्याचं कारण मात्र हसण्यासारखं नाही.

मॅडमचे वडील बेगडेवाडी स्टेशनवर गाडीची वाट बघत उभे असताना कोसळले. हृदय बंद पडलं. भोवतालची माणसं चांगली होती. कुणी पाणी मारलं, कुणी कांदा हुंगवला, कुणी तळपाय चोळले, एकाने स्वतःची शाल काढून अंगावर घातली. सगळ्यांनी सगळं केलं. छाती तेवढी कुणी दाबली नाही.

तेव्हापासून मॅडमचा एकच हट्ट. हृदय थांबलं तर ॲम्ब्युलन्स येईपर्यंत कुणीतरी छातीच्या मधोमध जोरजोरात, भराभरा दाबत राहिलं पाहिजे. एवढ्याने माणूस वाचू शकतो. मावळातल्या गावागावांत हे करणारी दोन माणसं तरी तयार झाली पाहिजेत. डोंगरातल्या वाडीवर ॲम्ब्युलन्स पोचेपर्यंत काय काय होऊ शकतं, ते मॅडमना कुणी समजावून सांगायची गरज नाही.

तपासणी शिबिरं, आहाराचे सल्ले, देणग्या हे सगळं आम्ही करतोच. पण मॅडमचा जीव अडकलाय तो या छाती दाबण्यात.

* * *

शिकवायला आमच्याकडे एक रबरी बाहुला आहे. डोकं आणि छाती एवढाच. खाली काही नाही.

एका गावात देवळाच्या सभामंडपात ट्रेनिंग ठेवलं होतं. वेळ झाली तरी चिटपाखरू नाही. विलासने बाहुला जमिनीवर ठेवला, धूळ बसू नये म्हणून त्यावर पांढरी चादर घातली, आणि आम्ही समोर चहाला गेलो.

चहा पिऊन येतो तर सभामंडप गच्च भरलेला! बाया पदर डोळ्याला लावून बसल्यात, पुरुष टोप्या काढून उभे आहेत. दोघं तर बांबू आणायला गेलेसुद्धा! एका मावशींनी मला हाताला धरून बाजूला घेतलं. "कुणाचा गं पोरी? आपल्या गावचा दिसत न्हाई."

विलास पुढे झाला आणि त्याने चादर ओढली.

मावशी किंचाळल्या, "आगं बया! पायबी न्हाईत गं ह्येला!"

गावाला खरा प्रकार कळल्यावर जो हशा पिकला! पण आलेलं माणूस एकही उठून गेलं नाही. तेवढी गर्दी आमच्या ट्रेनिंगला त्याआधी कधी झाली नव्हती. मॅडम खूश, सरपंच खूश. विलासचा मात्र तेव्हापासून नियमच झालाय. गावात गेलं की आधी चादर, मग चहा!

* * *

आता मॅडमचं संशोधन. शिकलेली माणसंसुद्धा वेळेला छाती दाबायला पुढे का होत नाहीत, हे त्यांना शोधायचं होतं. आम्ही घरोघर जाऊन विचारायचो, "रस्त्यात कुणी पडला तर दाबाल का?" सगळ्या बाया एका सुरात, "व्हय, दाबू की!"

मॅडमना संशय आला. एवढं सोपं असतं तर काय हवं होतं! त्यांनी प्रश्न बदलला. "आणि घरात सासरे पडले तर?"

एकीने पदर पुढे ओढला, एक उठून चुलीकडे बघायला गेली. शेवटी एक जण बोलली, "मॅडम, लगीन होऊन पोरं कालिजात गेली. सासऱ्यापुढं मी अजून खुर्चीवर बसली न्हाई, आन् छातीवर बसू व्हय?"

आम्ही पोट धरून हसलो. बायकाही हसल्या. मॅडम मात्र परतीच्या वाटेवर गाडीत वहीतली उत्तरं पुन्हा पुन्हा वाचत होत्या. वडगाव आल्यावर म्हणाल्या, "मला वाटत होतं, लोकांना माहीत नाही म्हणून ते दाबत नाहीत. माहीत झालं तरी हात पुढे येणार नाही, असं दिसतंय." दिवसा घरात बहुतेक करून सूनच असते, आणि पडणारा बहुतेक करून सासराच. आमची खरी अडचण ही होती.

* * *

आहाराचा सल्ला देणं म्हणजे तर तोंडघशी पडायची हमखास सोय!

वराळ्याच्या एका काकांचं ब्लडप्रेशर काही केल्या उतरेना. गोळ्या वेळेवर. मीठ निम्म्यावर आणलंय असं काकू देवाशप्पथ सांगत होत्या. शेवटी मी जेवायच्या वेळेलाच जाऊन बसले. भाजी चाखली तर खरंच अळणी. आमटी अळणी. ताटाच्या कडेला मात्र हा एवढा ठेच्याचा गोळा! जिभेला लावला तर मिठाने डोळ्यांत पाणी आलं.

"काकू, हे काय?"

"भाजीतलं काढलं की! ठेच्याचं तुमी कुटं सांगितलं व्हतं?"

दुसऱ्या एका वहिनींना मॅडमनी रोज सकाळी अर्धा तास चालायला सांगितलं. पुढच्या खेपेला वजन तसंच. "चालत नाही का?" म्हटलं, तर वहिनी रडवेल्या झाल्या. "रोज निघते हो मॅडम! पर गावातलं कुणी ना कुणी गाडी थांबवतंय. वयनी कुटं चाललाय, बसा. न्हाई म्हणलं तर म्हणत्यात, भांडून निघालाय काय? मग बसते. रोज नेऊन घरी सोडत्यात!"

कामाशिवाय बाई पायी निघाली म्हणजे घरात काहीतरी बिनसलं, अशी गावाची खात्री. मॅडमनी डोकं चालवलं. "हातात कळशी घेऊन निघा." उपाय लागू पडला! आता वहिनी रिकामी कळशी घेऊन पार पाझर तलावापर्यंत जाऊन येतात. गाडीवाले हात करून पुढे जातात.

* * *

एवढं सगळं चाललेलं असताना विश्वस्तांची मीटिंग आली. विश्वस्त मंडळी सज्जन, पण हिशोबी. त्यातले एक जण शांतपणे म्हणाले, "मॅडम, शिबिरात साखर सापडते, ब्लडप्रेशर सापडतं, ते आम्हाला दिसतं. या छाती दाबण्याच्या ट्रेनिंगमधून आजवर एक तरी माणूस वाचलाय का?"

खरं उत्तर 'नाही' होतं, आणि मॅडमनी ते दिलं.

ठरलं असं, की यात्रांचा हंगाम संपेपर्यंत ट्रेनिंग चालू ठेवायचं. नंतर बंद. माणसं आणि गाडी फक्त शिबिरांना. मीटिंग संपली, आम्ही जिना उतरलो. मॅडम व्हॅनमध्ये बसल्या आणि मी पहिल्यांदा त्यांचे डोळे भरलेले पाहिले. मला मनापासून राग आला. विश्वस्तांचा नाही, ते चुकीचं काही बोलले नव्हते. राग आला तो सगळ्या मावळातल्या सासऱ्यांचा!

विलासने आरशातून मागे बघितलं. "मॅडम, हंगाम म्हंजी अजून लय गावं हायेत. कुटं घिऊ गाडी?"

"दिसेल त्या गावात घे," मॅडम म्हणाल्या.

* * *

पुढच्या ट्रेनिंगसाठी पैसे हवे होते, म्हणून लोणावळ्यात 'हृदयासाठी चाला' ही पायी फेरी काढली. सकाळची वेळ, धुकं, रंगीत टोप्या, पुण्या-मुंबईची हौशी माणसं. सगळं झकास! आम्ही आदल्या दिवशी जागोजागी बॅनर बांधले होते. त्यातला सगळ्यात मोठा, 'तेलकट खाणे टाळा, हृदय सांभाळा', तो विलासने नेमका एका भजीच्या गाडीच्या खांबाला बांधला!

मी धावत जाऊन भजीवाल्याची माफी मागितली. "दादा, काढतो लगेच."

"ऱ्हाऊ द्या की," तो झारा न थांबवता म्हणाला. "तुमचा बोर्ड वाचायला लोकं थांबत्यात. थांबली की वास येतो. वास आला की पलेट सांगत्यात. असा धंदा रविवारीबी न्हाई झाला!"

चालून झालं, भाषणं झाली, लोक पांगले. आम्ही बॅनर सोडायला गेलो तर भजीवाल्याने गल्ल्याचा डबाच आमच्या देणगीपेटीवर पालथा केला. आम्ही नको नको म्हणत होतो.

"घ्या वो ताई. बिघडवतो आमी, दुरुस्तीला पैसं कोन देनार?"

त्यातून आमचा दुसरा बाहुला आला. विलास त्याला 'धाकटा' म्हणतो.

* * *

आणि आता आबांचा किस्सा. हा मी नेहमी शेवटी सांगते, कारण यानंतर दुसरा सांगायचा म्हटला तरी कुणी ऐकत नाही.

पवन मावळातलं एक गाव. गावाची यात्रा आणि यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती. शर्यतीच्या चढाला आमच्याकडे घाट म्हणतात आणि गाडीच्या एका धावेला बारी. घाटाच्या कडेला मांडव टाकून आम्ही ब्लडप्रेशर तपासत होतो. म्हणजे तपासायला बसलो होतो. बारी सुटताना ब्लडप्रेशर मोजून घ्यायला कोण येतंय!

आबा म्हणजे त्या गावचं मोठं प्रस्थ. सहा फुटी देह, पांढरं धोतर, आवाज असा की बैलसुद्धा कान टवकारतो. घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांची सून सविता. बचत गटाच्या बायांबरोबर आमच्या ट्रेनिंगला आली होती आणि सगळ्यांत मागे बसली होती. आबा ओट्यावर असले तर ती मागच्या दाराने ये-जा करायची. त्यांच्यापुढे तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

त्या दिवशी आबांच्या बैलांची बारी सुटली आणि काय पळाले बैल! माइकवरचा निवेदक ओरडून ओरडून घोगरा झाला, "झाली झाली झाली! आबांची बारी झाली! घाटाचा राजा कोण?" माणसं नाचायला लागली. आबांनी दोन्ही मुठींनी भंडारा उधळला, हात वर केले, आणि तसेच मागच्या मागे आडवे झाले.

आणि गावाने हात जोडले!

मला आधी काही कळेना. मग लक्षात आलं. यात्रेचा दिवस, बैल जिंकलेले, अंगभर भंडारा, आणि म्हातारा कोसळला. म्हणजे देव अंगात आला! लोकांनी भक्तिभावाने मागे सरून गोल केला. कुणी नारळ आणला, कुणी कुंकू. हलगीवाल्याने ताल धरला. एक जण तर नवस विचारायलाच वाकला. मी आणि विलास मांडवातून पळत सुटलो, पण त्या गर्दीतून वाट मिळेना.

तेवढ्यात गोलाच्या आतून एका बाईचा आवाज आला. चिरका, पण ठणठणीत.

"देव आलाय तर घुमंनात का आबा? शेवासबी चालंना! देव न्हाई ह्यो, हार्ट बंद पडलंय! ॲम्ब्युलन्स बोलवा!"

सविता! सगळ्या गावासमोर ती आबांच्या बाजूला गुडघ्यांवर बसली. क्षणभर तिचे हात हवेतच राहिले. मला वाटलं, संपलं. आता हे हात मागे जाणार.

ते मागे गेले नाहीत. तिने आबांच्या छातीच्या मधोमध तळवे टेकले आणि दाबायला सुरुवात केली.

पहिल्या झटक्यालाच डोक्यावरचा पदर घसरला. तिने एक हात काढून तो सावरला, पुन्हा दाबायला लागली, पदर पुन्हा घसरला. पुन्हा हात थांबला. तेव्हा गर्दीतून आबांची म्हातारी, तिची सासू, लटपटत पुढे आली. सुनेच्या मागे उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांनी पदर तिच्या डोक्यावर दाबून धरला.

"तू दाब गं बये. पदर मी धरते!"

मग सविता थांबली नाही. ती दाबतेय, म्हातारी रडतेय, पण पदर काही सुटू देत नाही. आम्ही घुसलो तोवर तिचे दंड भरून आले होते. विलास म्हणाला, "वयनी, सरा, मी घेतो." सविता सरली, विलासने दाबलं. विलास दमला, पुन्हा सविता. जागा बदलेल तशी म्हातारीसुद्धा मागून पदर धरून फिरत होती.

ॲम्ब्युलन्स शर्यतीला हजर होती, पण बैल आणलेल्या टेम्पोंच्या मागे अडकलेली. तेव्हा निवेदकाने माइकवर तोंड उघडलं, आणि सवयीप्रमाणे जे आलं ते आलं, "मंडळी, पुढची बारी थांबवा! आबांची बारी चालू हाय! टेम्पो काढा, वाट द्या, सुनबाई जोरात हायेत, वाट द्या!" आणि खरं सांगते, तेवढ्या गर्दीत अशी वाट झाली, की ॲम्ब्युलन्स थेट घाटात आली. आतल्या डॉक्टरांनी मशीन लावलं, शॉक दिला. हृदय चालू झालं. घाटात कुणी ओरडलं नाही, शिट्टी वाजवली नाही. बाप्यांनी टोप्या काढून डोळे पुसले. मीही पुसले, त्यात लाजायचं काय!

मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "सुनेनं?" मी म्हटलं, "हो मॅडम, सुनेनं." त्यानंतर विश्वस्तांनी ट्रेनिंग बंद करायची भाषा काढली नाही. उलट त्या शांत विश्वस्तांनी स्वतःच्या सोसायटीत ट्रेनिंग ठेवलं आणि स्वतः पहिल्या रांगेत बसले.

आबा शुद्धीवर आले, त्यांना आयसीयूतून खोलीत हलवलं, आणि मॅडमबरोबर आम्ही तळेगावच्या हॉस्पिटलात भेटायला गेलो. खोलीत गावकऱ्यांची गर्दी. सविता मात्र बाहेर, दाराच्या चौकटीला टेकून, पदर कपाळापर्यंत ओढून उभी. "आत ये," म्हटलं तर मान हलवली. "नको ताई. सगळ्या गावासमोर हात लावलाय. आबा काय म्हनत्याल?" जीव वाचवून तीच घाबरली होती.

आत डॉक्टर सांगत होते, की छाती दाबताना आबांच्या दोन बरगड्या मोडल्यात, थोडे दिवस दुखेल. ते ऐकून उशाशी बसलेल्या आबांच्या मित्राने उसासा टाकला. आपल्या सुनेचं कौतुक सांगायची ही वेळ त्याला कशी सुचली कोण जाणे. म्हणाला, "आमची सून लय गरीब. रोज रातच्याला पाय दाबून देती."

आबा कण्हत कण्हत उशीवर वर सरकले. दाराकडे बघून, बाहेर नीट ऐकू जाईल अशा त्यांच्या त्या जुन्या आवाजात म्हणाले,

"पाय समद्यांच्याच सुना दाबत्यात रं! माझ्या सुनेनं छाती दाबली!"